आभासी यंत्रांतील साठवण : बिघाडांचें निदान व उपाय

१. प्रयोजन

जुने कागद जमविणाऱ्यांस वाळवी, कसर, ओल, उंदीर आणि वारसांची अनास्था हे पांच शत्रु पूर्वीपासून ठाऊक आहेत. अलीकडे त्यांत सहाव्याची भर पडली आहे. त्याची ओळख मात्र संग्राहकांस अद्यापि नीटशी झालेली नाहीं. पोथ्या व रुमाल ह्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत ठेवण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन २००३ सालीं स्थापन झालें, तेव्हांपासून ह्या कामास विशेष गति आली. पुण्यांत तर १९८८ पासून सी-डॅक ही संगणकसंस्था आहे. संग्रहालयांसाठीं 'जतन' नांवाची प्रणाली तिनें येथेंच तयार केली. तेव्हां साधनांची उणीव आहे असें म्हणतां येत नाहीं. उणीव आहे ती, आपण ठेविलेलीं चित्रें प्रत्यक्ष कोठें व कोणत्या रूपानें राहतात, ह्याच्या ज्ञानाची.

पुष्कळ ठिकाणीं हीं चित्रें ज्या संगणकांत आहेत असें आपण समजतों, तो संगणक स्वतंत्र वस्तु म्हणून अस्तित्वांतच नसतो. तो 'आभासी यंत्र', म्हणजे व्यवहारांत ज्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात, त्या प्रकारचा असतो. त्याची साठवण बिघडली म्हणजे दिसणारें लक्षण एक आणि खरें कारण दुसरेंच, असें वारंवार घडतें. ह्या बिघाडांचें स्वरूप काय, त्यांचें निदान कोणत्या क्रमानें करावें आणि अशा वेळीं काय करूं नये, हें आमच्या समानधर्मी वाचकांसाठीं सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आम्ही संगणकशास्त्री नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. पुढें जें सांगितलें आहे तें आम्हांस हौसेनें नव्हे, तर हानि झाल्यामुळें शिकावें लागलें.

२. एका दप्तराची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याच्या एका पेठेंतील वाड्याच्या मालकांनीं आपल्या घरचे नऊ रुमाल आम्हांस व आमच्या दोघां स्नेह्यांस पाहावयास दिले. कागद बहुतेक मोडी. घरखर्चाचे हिशेब, वतनाचे तंटे आणि खासगी पत्रें. आम्हीं अकरा महिन्यांत ३,१०० पृष्ठांचीं छायाचित्रें घेतलीं आणि रुमाल होते तसे बांधून परत केले. चित्रें एका संस्थेनें कृपाळूपणें वापरावयास दिलेल्या आभासी यंत्रांत ठेविलीं होतीं. पुढें वर्षाच्या आंतच वाडा उतरविला गेला. सामान हलवितांना रुमाल कोणी कोठें नेले ह्याचा पत्ता आजतागायत लागलेला नाहीं. अर्थात् चित्रें हेंच त्या दप्तराचें एकमेव रूप उरलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तें यंत्र अकस्मात् थांबलें. जागा संपली असा संदेश आला. आम्हांस ह्याचें आश्चर्य वाटलें. कारण आदल्याच दिवशीं यंत्राच्या आंतून पाहतां अर्धी जागा मोकळी दिसत होती. संस्थेच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या तरुण गृहस्थांनीं बाहेरून कोठार तपासलें. त्यांत आमच्या यंत्राच्या नांवाची सुमारें दीडशें गिगाबाइटांची एक फाइल होती, आणि तिच्याशेजारीं त्याच नांवापुढें शून्यांची रांग व शेवटीं एकाचा आंकडा असलेली, साडेतीनशें गिगाबाइटांची दुसरी फाइल होती. दुसरी ही पहिलीची दुबार प्रत असावी असा त्यांनीं तर्क केला, यंत्र पूर्ण बंद केलें, आणि ती फाइल काढून टाकली. जागा झाली, इतर यंत्रें चालूं लागलीं. आमचें यंत्र मात्र उठेना. पुष्कळ खटपटीनें तें मूळ फाइलीवरून उठविलें, तेव्हां त्यांत ३,१०० च्या ऐवजीं पहिलीं ९०० चित्रें होतीं. शेवटच्या सात महिन्यांचें काम नाहींसें झालें होतें.

कॅमेऱ्यांचीं जुनीं स्मृतिकार्डें व एका स्नेह्याच्या घरची डिस्क धुंडाळून आम्हीं १,४६० चित्रें परत मिळविलीं. ७४० पृष्ठें गेलीं तीं गेलींच. दोष त्या तरुणाचा एकट्याचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. चित्रें ज्यांत ठेविलीं तें यंत्र म्हणजे काय, हें आम्हां तिघांपैकीं एकानेंहि कधीं विचारलें नव्हतें.

३. होस्ट व गेस्ट

एका मोठ्या प्रत्यक्ष संगणकाच्या पोटांत अनेक संगणक आहेत असा भास सॉफ्टवेअरनें निर्माण करावयाचा, हें ह्या विद्येचें मर्म. प्रत्यक्ष संगणकास होस्ट, म्हणजे यजमान, व आभासी यंत्रास गेस्ट, म्हणजे अतिथि, म्हणतात. आयबीएम कंपनीनें हा प्रयोग १९६० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या यंत्रांवर केला आणि १९७२ सालीं व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारांत आणली. साध्या संगणकांवर ही विद्या व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ सालीं आणली. लिनक्समध्यें केव्हीएम ह्या नांवानें ती २००७ सालीं अंतर्भूत झाली. एका यंत्राच्या खर्चांत दहा यंत्रांचें काम होतें, म्हणून लहानमोठ्या सर्व संस्थांनीं ती स्वीकारली.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, अतिथीस जी संपूर्ण डिस्क वाटते ती यजमानाच्या कोठारांतील केवळ एक फाइल असते. तिच्या नांवाचा शेवट व्हीएमडीके, व्हीडीआय, क्यूकाऊ-टू अशा अक्षरांनीं होतो. त्यामुळें साठवणीचे तीन थर लागतात. सर्वांत वर अतिथीची फाइलव्यवस्था. तींत आपलीं चित्रें. मध्यें ती डिस्करूपी फाइल. सर्वांत खालीं यजमानाचें कोठार व त्यांतील प्रत्यक्ष डिस्का. प्रत्येक थराची खतावणी स्वतंत्र असते आणि वरच्यास खालच्याची खतावणी दिसत नाहीं. आमच्या यंत्रानें अर्धी जागा मोकळी असल्याचें सांगितलें तें खोटें नव्हतें. तें आपल्या खतावणीपुरतें खरें होतें. कोठाराची खतावणी निराळें सांगत होती, आणि ती आम्हीं पाहिली नव्हती.

४. वसुलापेक्षां अधिक वराता

पहिला बिघाड कबुलीचा. अतिथीस हजार गिगाबाइटांची डिस्क दिली असें सांगतात, परंतु कोठारांत तेवढी जागा राखून ठेवीत नाहींत. जसजसें लिहिलें जाईल तसतशी फाइल वाढते. ह्या पद्धतीस थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. पेशवाईच्या कागदांचा परिचय असणाऱ्यांस हें वरातीच्या उदाहरणानें चटकन् समजेल. महालावर वरात लिहून दिली म्हणजे वरातदाराच्या हातीं कागद येतो. पैसा मात्र महालाच्या वसुलांतून यावयाचा असतो. एकाच महालावर वसुलापेक्षां अधिक रकमेच्या वराता झाल्या, तर जोंवर सर्वजण एकदम मागावयास येत नाहींत तोंवरच कारभार चालतो. दोन हजार गिगाबाइटांच्या कोठारावर चार अतिथींस प्रत्येकीं हजार कबूल केले असतील, तर हीच स्थिति होते.

कोठार भरलें म्हणजे व्हीएमवेअर व केव्हीएम हीं दोन्हीं बहुधा अतिथीस आहे तेथें गोठवितात. हें गोठणें हितकर आहे. कोठारांत जागा केली असतां यंत्र तेथूनच पुढें चालूं करतां येतें. अशा वेळीं घाईनें यंत्र बंद करूं नये. कारण जें लिखाण अर्धवट आहे तें त्यामुळें नष्ट होतें. जागा करावयाची ती प्रथम निरुपद्रवी वस्तु हलवून करावी : कोठारांत पडून राहिलेल्या स्थापनाचकत्यांच्या प्रतिमा, कोणी वापरीत नाहीं असें दुसरें बंद यंत्र, इत्यादि. हलविणें व काढून टाकणें ह्यांतील भेद येथें जिवापलीकडे सांभाळावा.

चित्रांस जागा किती लागते ह्याचा अंदाजहि आधीं करावा. ६,००० × ८,००० बिंदूंचें रंगीत चित्र, संकोच न करतां ठेविलें, तर प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरून १४ कोटी ४० लक्ष बाइट होतात. एक हजार पृष्ठांस १४४ गिगाबाइट. एका मध्यम दप्तराचें मान ह्यावरून प्रत्येकास काढतां येईल.

५. हरताळ लावल्यानें कागद परत मिळत नाहीं

दुसरा बिघाड पुसण्याचा. अतिथींतील निरुपयोगी फाइली काढल्या, तरी कोठारांतील डिस्करूपी फाइल लहान होत नाहीं, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. लेखकानें पोथींत चुकीच्या अक्षरांवर हरताळ लावला म्हणजे अक्षर जातें. कागदाचा तुकडा परत मिळत नाहीं. येथें तर हरताळहि लागत नाहीं. अतिथि आपल्या अनुक्रमणिकेंतून नोंद खोडतो, इतकेंच. खालच्या थरास ही खोड कळत नाहीं. त्याच्या मतें तीं पानें अजून लिहिलेलींच असतात.

ही वार्ता खालीं पोहोंचविण्याची सोय आहे. लिनक्स अतिथींत एफएसट्रिम ही आज्ञा दिली असतां कोणती जागा रिकामी झाली हें खालच्या थरास कळविलें जातें. मात्र अतिथीच्या डिस्केस तशी मुभा यजमानाकडून आधीं दिलेली असली पाहिजे. दुसरा जुना उपाय रिकामी जागा शून्यांनीं भरून मग फाइल आवळण्याचा. व्हर्च्युअलबॉक्समध्यें तो अजून चालतो. परंतु त्यांत एक धोका आहे. शून्यें लिहितांना फाइल आधीं पूर्ण मापापर्यंत फुगते. कोठार भरत आलें असतां हा उपाय केला तर तो रोगाहून भारी ठरतो.

ह्याच जातीचा एक लहान चमत्कार अतिथीच्या आंतहि दिसतो. मोठी फाइल काढून टाकली, तरी मोकळी जागा वाढत नाहीं. एखादा कार्यक्रम ती फाइल अजून उघडी धरून बसलेला असतो. तो थांबेपर्यंत जागा सुटत नाहीं. एलएसओएफ ह्या आज्ञेनें असा कार्यक्रम हुडकतां येतो. तो रीतसर थांबवून पुन्हां चालूं केला कीं जागा परत मिळते.

६. क्षणचित्र ही प्रत नव्हे

तिसरा बिघाड आमच्या हानीचें कारण झाला, म्हणून तो विस्तारानें सांगतों. यंत्रांत मोठा फेरबदल करण्यापूर्वीं स्नॅपशॉट, म्हणजे क्षणचित्र, घेण्याची चाल आहे. नांवावरून असा समज होतो कीं, त्या क्षणीं संपूर्ण डिस्केची एक प्रत निघाली. वस्तुस्थिति उलट आहे. क्षणचित्र घेतांच मूळ फाइल जशी असेल तशी गोठविली जाते. तिच्यांत पुढें कांहीं लिहिलें जात नाहीं. त्या क्षणानंतरची प्रत्येक भर व प्रत्येक दुरुस्ती एका नव्या फाइलींत जाते. तिला डेल्टा म्हणतात.

अशी कल्पना करावी कीं, एक पोथी लिहून झाली, तिला दोरा बांधला, आणि पुढील सर्व शोध निराळ्या पत्रांवर लिहिले : बाराव्या पत्राच्या चवथ्या ओळींत अमुक वाचावें, अखेरीस हे दोन अध्याय जोडावे. हीं शोधपत्रें एकटीं वाचलीं तर निरर्थक. मूळ पोथी एकटी वाचली तर ती जुनी व अपुरी. ग्रंथ म्हणून जें आहे तें दोहोंच्या संयोगांत आहे. दुसरें क्षणचित्र घेतलें कीं शोधपत्रांवर आणखी शोधपत्रें होतात, आणि साखळींतील एकहि दुवा गेला तर त्यापुढचें सर्व निराधार होतें.

आमच्या यंत्राचें क्षणचित्र चवथ्या महिन्यांत, प्रणाली अद्ययावत् करतांना घेतलें गेलें होतें. काम उरकल्यावर तें मिटवावयाचें राहिलें. त्या दिवसापर्यंतचीं ९०० चित्रें मूळ फाइलींत होतीं. नंतरचीं २,२०० डेल्टांत. जी फाइल दुबार म्हणून काढली ती दुबार नव्हती, तीच एकमेव होती. यंत्र चालूं असतें तर तिला कुलूप असतें आणि ती निघाली नसती. तें बंद केल्यामुळें कुलूप सुटलें. पुढें मोकळ्या झालेल्या जागेवर इतर अतिथींनीं लगेच लिहावयास आरंभ केल्यामुळें तिचा उद्धार करण्याचीहि आशा उरली नाहीं.

येथें शब्दांचाहि घोटाळा आहे. व्हीएमवेअरच्या यादींत क्षणचित्र 'डिलीट' करण्याची आज्ञा असते. तिचा अर्थ शोधपत्रें फाडणें असा नसून, शोध मूळ पोथींत उतरवून घेणें असा आहे. आजची स्थिति तीमुळें कायम राहते. उलट 'रिव्हर्ट' हा दिसावयास सौम्य शब्द क्षणचित्रानंतरचें सर्व लिखाण टाकून देतो. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं त्यानें दोहोंपैकीं कोणतीहि आज्ञा देऊं नये. आणि फाइल हातानें काढून टाकणें हा मार्ग तर जाणत्यानेंहि वापरूं नये.

शोध मूळांत उतरविण्यासहि मोकळी जागा लागते, हें विशेष ध्यानांत ठेवावें. मूळ फाइल लहान असेल तर उतरवितांना ती वाढते, आणि काम पुरें होईपर्यंत डेल्टाहि तशीच राहते. आमच्या बाबतींत दीडशेंची फाइल साडेतीनशेंनीं वाढूं शकली असती. म्हणून कोठारांत आधीं तेवढी जागा करणें हीच योग्य पायरी होती. एक दुसरें यंत्र तात्पुरतें दुसऱ्या डिस्केवर हलविलें असतें, तर हें सर्व निभावलें असतें. व्हीएमवेअरची स्वतःची सूचना अशी आहे कीं, कोणतेंहि क्षणचित्र ७२ तासांपेक्षां अधिक काळ ठेवूं नये; साखळी ३२ पर्यंत चालत असली तरी दोन-तीनांहून अधिक असूं नये. डेल्टा असतांना मूळ डिस्केचें माप वाढविण्याचाहि प्रयत्न करूं नये.

७. आणखी तीन लक्षणें

जागा आहे, परंतु फाइल लिहितां येत नाहीं. हें लक्षण चित्रसंग्रहांत हटकून आढळतें. लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइलव्यवस्थेंत प्रत्येक फाइलीस अनुक्रमणिकेंत एक नोंद लागते. तिला आयनोड म्हणतात. नोंदींची संख्या आरंभींच ठरते. सामान्यतः १६,३८४ बाइटांमागें एक. त्या हिशेबानें २० गिगाबाइटांच्या डिस्केंत १३,१०,७२० नोंदी होतात. मोठें चित्र पडद्यावर लहानमोठें करून पाहतां यावें म्हणून त्याचे २५६ बिंदूंचे चौकोनी तुकडे पाडतात. वर सांगितलेल्या मापाच्या एका चित्राचे, सर्व पायऱ्या धरून, सुमारें एक हजार तुकडे होतात. तेव्हां तेराशें पृष्ठांतच नोंदी संपतात, मग जागा कितीहि असो. डीएफ ह्या आज्ञेनें जागा कळते. तीसच आय हें अक्षर जोडलें असतां नोंदी कळतात. दोन्हीं पाहावीं. उपाय म्हणजे तुकडे एका मोठ्या फाइलींत बांधणें, किंवा अधिक नोंदी असलेली नवी फाइलव्यवस्था करून त्यांत चित्रें नेणें.

डिस्क वाढविली, परंतु वाढ दिसत नाहीं. येथें बिघाड नसून काम अर्धवट राहिलेलें असतें. बाहेरून डिस्करूपी फाइल वाढविणें ही पहिली पायरी. त्यानंतर आंतील विभागाची हद्द पुढें सरकवावी लागते. मध्यें एलव्हीएमची व्यवस्था असल्यास तीहि वाढवावी लागते. आणि शेवटीं फाइलव्यवस्था ताणावी लागते. जमिनीचा सातबारा वाढला म्हणून कुंपण आपोआप सरकत नाहीं. एक्सएफएस ही फाइलव्यवस्था वाढवितां येते, परंतु मागाहून आकुंचित करतां येत नाहीं. तेव्हां माप विचारपूर्वक ठरवावें. ह्या सर्व खटपटीच्या आधीं निराळी प्रत काढलेली असावी हें सांगणें नलगे.

वाचतां येतें, परंतु लिहितां येत नाहीं. खालच्या थरांत लिखाण वारंवार फसूं लागलें म्हणजे लिनक्स पुष्कळदां फाइलव्यवस्था केवळ वाचनापुरती उघडी ठेवतें. हें औषध आहे, रोग नव्हे. लोक ह्या वेळीं उतावीळपणें दुरुस्तीची आज्ञा देतात आणि नादुरुस्त डिस्केवर आणखी लिखाण करवितात. प्रथम वाचतां येत आहे तोंवर चित्रें बाहेर काढावीं. मग यजमानाच्या डिस्का व त्यांच्या तारा तपासाव्या. आणि मूळ कारण दूर झाल्यावरच, फाइलव्यवस्था उतरवून, दुरुस्ती करावी.

८. निदानाचा क्रम

नैयायिकांची अन्वयव्यतिरेकाची रीत येथें फार उपयोगी पडते. कारण असतां कार्य दिसतें काय, आणि कारण नसतां कार्य टळतें काय, हें पाहावयाचें. त्याच कोठारावरील सर्व अतिथि अडले असतील तर कारण कोठारांत आहे. त्यांतील एकच अडला असेल तर तें त्याच्या डिस्करूपी फाइलींत किंवा त्याच्या आंत आहे. त्या एकाची फाइल दुसऱ्या कोठारावर नेल्यानें दोष गेला, तर पहिल्या कोठाराकडे बोट जातें. न गेला, तर आंत पाहावें.

ह्यावरून क्रम असा ठरतो. पहिल्यानें कांहींहि न बदलतां संदेश जसाचा तसा, वेळेसह, उतरून घ्यावा. मग कोठाराची मोकळी जागा पाहावी. मग अतिथीचीं क्षणचित्रें किती व केव्हांचीं आहेत, त्यांच्या फाइली केवढ्या आहेत, हें लिहून काढावें. त्यानंतर अतिथीच्या आंत जागा व नोंदी ह्या दोन्हीं गोष्टी तपासाव्या. कोठें काय दिसलें हें मिळालें म्हणजे मगच कृति. आणि कृति एका वेळीं एकच. प्रत्येक फाइलीपुढें 'हिच्यावर दुसरी कोणती अवलंबून आहे' हें जोंवर लिहितां येत नाहीं, तोंवर ती काढूं नये. आमच्या प्रसंगीं हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर ७४० पृष्ठें आज वाचतां आलीं असतीं.

९. स्वतंत्र साक्षी

ह्या सर्वांचें सार ग्रंथचिकित्सेंतील एका परिचित तत्त्वांत आहे. भाण्डारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली. त्यांचें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. काश्मीर, बंगाल व केरळ अशा दूरदूरच्या प्रांतांतील पोथ्या जेव्हां एकच पाठ देतात, तेव्हां त्या पाठाचें प्रामाण्य वाढतें. कारण त्या परस्परांवर अवलंबून नसतात. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा प्रतींचें मत मात्र एकच गणलें जातें.

साठवणीस हीच कसोटी लावावी. क्षणचित्र हा स्वतंत्र साक्षी नव्हे. तो मूळाच्या जिवावर उभा असतो. डिस्कांची जोडणी करून एकीचें लिखाण दुसरीवर उमटविण्याची रेड नांवाची व्यवस्था हीहि स्वतंत्र प्रत नव्हे. एकीवर चुकून पुसलेलें दुसरीवरहि त्याच क्षणीं पुसलें जातें. प्रत ती, जी दुसऱ्या डिस्केवर, दुसऱ्या ठिकाणीं आणि मूळ नष्ट झालें असतां एकटी वाचतां येईल. तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक गांवाबाहेर, असा नियम जाणते लोक सांगतात. गांवाबाहेर कां, हें पुणेकरांस निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या एका दिवसांत नदीकांठच्या पेठांतील किती घरांतून जुने कागद वाहून गेले असतील ह्याची कल्पनाच करावी.

प्रत शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्याचीहि सोय आहे. शा-२५६ नांवाच्या गणितानें कोणत्याहि फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा काढतां येतो. फाइलींत एक बिंदु बदलला तरी ठसा बदलतो. पत्राच्या अखेरीस मोर्तब करून पुढें कोणास भर घालतां येऊं नये अशी जी जुनी योजना होती, तिचेंच हें नवें रूप समजावें. ठशांची यादी कागदावर छापून दप्तरासोबत ठेवावी. आणि वर्षांतून एकदां तरी प्रतीवरून दहापांच चित्रें परत उघडून, ठसे ताडून पाहावे. न तपासलेली प्रत ही केवळ श्रद्धा होय.

ज्यांच्या संग्रहाचीं चित्रें एखाद्या संस्थेच्या यंत्रांत आहेत, त्यांनीं तेथील व्यवस्थापकांस चार प्रश्न विचारावे, अशी आमची विनंती आहे. यंत्र आभासी आहे काय; कोठाराची कबुली त्याच्या मापापेक्षां अधिक आहे काय; सध्यां एखादें क्षणचित्र उघडें आहे काय, आणि तें किती दिवसांचें; शेवटची स्वतंत्र प्रत केव्हां निघाली व ती उघडून कोणी पाहिली. उत्तरें लेखी घ्यावीं. चित्रें काढून झालीं म्हणून मूळ कागदांकडे दुर्लक्ष तर मुळींच करूं नये. रुमाल परत करतांना ते पुढें कोठें राहणार हें विचारणें आमच्या मनांत आलें नाहीं, ह्याची खंत आम्हांस आहे.

उरलेल्या २,३६० पृष्ठांची विषयवार यादी आम्हीं आतां तयार करीत आहों. तिची एक प्रत पुण्यांत, एक नागपुरास एका स्नेह्याकडे आणि एक कागदावर अशी ठेविली आहे. गेलेल्या पृष्ठांच्या ठिकाणीं यादींत जागा रिकामी सोडून क्रमांक मात्र कायम राखले आहेत. ते नऊ रुमाल किंवा त्यांतील एखादा बंद कोणा संग्राहकाच्या हातीं पुढेंमागें आला, तर त्यास ते कोठें बसतात हें त्यावरून कळेल.